खाडा

मार्च २०२० चं पान आईच्या वहीत अजून आहे. पुठ्ठ्याच्या बांधणीचं लांबट रजिस्टर. डावीकडे मेंबरांची नावं, वर तारखा, प्रत्येक चौकोनात दोन टिंबं, एक सकाळच्या जेवणाचं, एक संध्याकाळच्या. जो जेवला नाही त्याच्या टिंबाच्या जागी लाल पेनने फुली. या फुलीला खाडा म्हणतात. २० तारखेपर्यंत पान नेहमीसारखं आहे. २१ पासून लाल वाढत जातं आणि २३ च्या संध्याकाळनंतर उजवीकडचा सगळा भाग लाल होतो. शेवटी आईने फुल्या मारणंही सोडून दिलं आणि वरपासून खालपर्यंत रेघा ओढल्या. पण अकरा नावांपाशी रेघ तुटते. तिथे तिने दर वेळी पेन उचललेलं दिसतं.

टिळक रस्त्यावरून आत वळलं की सदाशिव पेठेतल्या एका वाड्याच्या तळमजल्यावर आईची खानावळ आहे. बाबा गेले त्या वर्षी, १९९४ साली, तिने ती सुरू केली. पुढची खोली जेवणाची, मागची स्वयंपाकाची. पुढच्या खोलीत सहा टेबलं, टेबलाला चार माणसं, म्हणजे एका पंगतीला चोवीस. कोरोनाच्या आधी ऐंशी-नव्वद मेंबर होते. बहुतेक स्पर्धा परीक्षांची मुलं. बीड, लातूर, नांदेड, जळगावकडची, कॉट बेसिसवर राहणारी, सकाळी सातला अभ्यासिकेत जाऊन बसणारी. थोड्या नोकरीवाल्या मुली. आणि पाच-सहा म्हातारी माणसं, ज्यांना एकट्यासाठी कुकर लावायचं जिवावर येतं. दोन वेळचे तेव्हा महिन्याला २,६०० रुपये. पोळी, सुकी भाजी, रस्सा, आमटी, भात, ताक. रविवारी दुपारी फिस्ट आणि संध्याकाळी सुट्टी.

भिंतीवर पाटी आहे : ‘खाडा आदल्या दिवशी सांगावा. सलग तीन दिवसांपेक्षा कमी खाडा धरला जाणार नाही.’ पुण्यातल्या कुठल्याही खानावळीत शिरलात तरी शब्द थोडे इकडेतिकडे होतील, पाटी हीच असेल. सांगून केलेल्या खाड्याचे पैसे पुढच्या महिन्यात वळते होतात, न सांगता केलेल्याचे होत नाहीत. एवढ्याचसाठी ती वही असते. पण मी लहान असल्यापासून पाहत आले आहे, पैशांसाठी आई ती महिन्यातून एकदा उघडते आणि माणसांसाठी रोज. रात्री शेवटची पंगत उठली, टेबलं पुसून झाली, की ती वही घेऊन बसते आणि न सांगता पडलेले खाडे बघते. “हा दुपारीही नव्हता,” असं स्वतःशीच म्हणते, मग त्याच्या रूम पार्टनरला फोन करते. २०११ साली एका मुलाची कावीळ तिने त्याच्या घरच्यांच्या आधी ओळखली, कारण तो चार दिवस अर्धी पोळी टाकून उठत होता. पूर्वपरीक्षेचा निकाल लागतो त्या रात्री जे जेवायला येत नाहीत त्यांची ताटं झाकून ठेवायची आणि शोधायला कुणाला तरी पाठवायचं, हा तिचा नियम आहे. तो पाटीवर नाही.

हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढची दोन वर्षं सरकारी आदेशांत आमचं नाव ‘उपाहारगृह’ होतं, आणि आई जे काम करते ते त्या शब्दात मावत नव्हतं.

पुण्यातले पहिले दोन रुग्ण ९ मार्च २०२० ला सापडले, होळीच्या दिवशी. राज्यातलेही ते पहिलेच. १३ तारखेला राज्य सरकारने १८९७ चा साथरोग कायदा लागू केला. हा कायदा पुण्याला अनोळखी नाही. १८९६ साली मुंबईत आलेला प्लेग पुण्यात पोचला, तेव्हा फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने तो घाईने केला. मूळ कायदा जेमतेम चार कलमांचा. मोडणाऱ्याला शिक्षा दंड संहितेच्या कलम १८८ खाली. पुढचं रँड, गणेशखिंड, २२ जून, चापेकर बंधू हे आपण सगळे शाळेत शिकलो आहोत. त्याच साथीत, १० मार्च १८९७ ला, सावित्रीबाई फुले गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्यांनी आपल्या दत्तक मुलाच्या, यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं आणि त्यांना लागण झाली. २०२० मध्ये फोनवर रँडच्या गोष्टी पुष्कळ फिरल्या. मला मात्र सावित्रीबाई आठवत राहिल्या. गोरे शिपाई घराघरांत शिरून रोगी शोधायला लागले, आणि त्याआधी त्याही रोगीच शोधत होत्या. कुणाला शोधलेलं माणूस लपून बसलं आणि कुणाच्या पाठीवर बसलं, हा फरक मी माझ्या वर्गातल्या मुलांनाही सांगते. मी शाळेत विज्ञान शिकवते. हा धडा माझा नाही, पण बदली तासाला गेले की सांगते.

आईला सुरुवातीला काही विशेष वाटलं नव्हतं. २००९ च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने पुण्यात देशातला पहिला बळी घेतला, शाळा-थिएटरं बंद झाली, लोक तोंडाला रुमाल बांधून फिरले, पण आमची चूल एक दिवसही थांबली नव्हती. या वेळी तसं नव्हतं. २२ मार्चला जनता कर्फ्यू, २३ ला राज्यभर संचारबंदी, २५ पासून सगळा देश बंद. २५ ला गुढीपाडवा होता. मेंबरांच्या श्रीखंडासाठी आईने चक्का आधीच सांगून ठेवला होता आणि डेअरीवाल्याने तो आणूनही दिला. तिने सगळ्याचं श्रीखंड केलं, अकरा वाट्या बाजूला काढल्या आणि उरलेलं वाड्यात वाटलं.

अकरांत सात मुलं होती आणि चार म्हातारे. मुलांपैकी कुणाला शेवटची एसटी मिळाली नाही, कुणाला गावात येऊ देईनात, आणि एकाला घरी जायचंच नव्हतं. एप्रिलमध्ये पेठांचे रस्ते पत्रे ठोकून बंद झाले. पोळ्यांच्या दोन्ही मावशी दांडेकर पुलाजवळच्या वस्तीतून यायच्या. त्यांचं येणं थांबलं. आचारी महाराज मे महिन्यात श्रमिक रेल्वेने राजस्थानात गावी गेले. जाताना त्यांनी झारा आणि मोठी कढई घासून उपडी घालून ठेवली. मग आई आणि मीच. मागच्या खोलीची खिडकी बोळात उघडते. सकाळी साडेअकराला आणि संध्याकाळी सातला अकरा जण एकेक करून त्या खिडकीशी यायचे, रिकामा डबा ओट्यावर ठेवायचे, भरलेला उचलायचे. आई खिडकीच्या आत चार हात मागे उभी राहायची. तेवढ्या वेळात ती प्रत्येकाकडे नीट बघून घ्यायची. “आवाज बसलाय का रे?” “नाही काकू, आज बोललोच नाही कुणाशी.”

बंदीबद्दल माझं मत स्पष्ट आहे, आणि आईशी त्यावरून माझे खटके उडाले आहेत. जेवणाच्या खोल्या बंद ठेवणं बरोबर होतं. जेवताना मास्क काढावाच लागतो, समोरासमोर बसावं लागतं, आणि आपली माणसं जेवताना गप्प बसत नाहीत. २४ जानेवारी २०२० ला चीनमधल्या ग्वांगझू शहरात एका रेस्टॉरंटमध्ये तीन कुटुंबं शेजारशेजारच्या टेबलांवर जेवली. एकातला एक जण बाधित होता. त्या तीन टेबलांवरचे मिळून दहा जण आजारी पडले. मजल्यावर ८३ गिऱ्हाइकं होती. उरलेल्या ७३ जणांना आणि वाढणाऱ्या आठ जणांना काही झालं नाही. इमारतीला खिडक्या नव्हत्या आणि एसीचा झोत नेमका त्या तीन टेबलांवरून फिरत होता. त्यावरचा शोधनिबंध मी टाळेबंदीत वाचला आणि उठून आमच्या पुढच्या खोलीत जाऊन उभी राहिले. वीस फूट बाय बारा फूट. एक खिडकी रस्त्याकडे. दुसरी शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागून, म्हणून कित्येक वर्षं फळ्या मारून बंद केलेली. छताला दोन पंखे. या खोलीत चोवीस माणसं खांद्याला खांदा लावून जेवतात. वर्गात मी मुलांना श्वासाबरोबर बाहेर पडणाऱ्या वाफेबद्दल शिकवते, हिवाळ्यात काचेवर फुंकर मारून दाखवते. ती चोवीस जणांची फुंकर मला त्या रिकाम्या खोलीत दिसली.

आई म्हणाली, “मग बाजारात काय होतं? बँकेच्या रांगेत काय होतं?” तिचंही खोटं नव्हतं. पण बाजारात माणूस मास्क लावून दहा मिनिटं उभं राहतं.

आदेश ज्या मापांनी लिहिले गेले, ती मापं मात्र मला पटली नाहीत. ५ ऑक्टोबर २०२० ला राज्यातली रेस्टॉरंटं आणि बार पन्नास टक्के क्षमतेने उघडले. बारमध्ये माणूस तीन तास बसतो, मोठ्याने बोलतो. खानावळीतलं माणूस वीस मिनिटांत जेवून हात धुतं, कारण मागे पुढची पंगत उभी असते. हवेचा प्रश्न खुर्च्यांइतकाच वेळेचा आणि खिडक्यांचा होता. आम्हाला ताप मोजायची बंदूक घ्यायला लावली, टेबलं सॅनिटायझरने पुसायला लावली, दारात वर्तुळं काढायला लावली. फळ्या मारलेल्या खिडकीबद्दल तपासणीला आलेल्या कुणीही विचारलं नाही. विषाणू हवेतून दूरवर पसरतो हे जागतिक आरोग्य संघटनेनेच आपल्या संकेतस्थळावर स्वच्छ शब्दांत मांडलं ते २०२१ चा एप्रिल संपताना, त्यामुळे मी इथल्या माणसांना एकट्यांना दोष देत नाही. पण खोलीत शिरलेल्या माणसाला कोंदट वास तर येतोच.

पन्नास टक्क्यांचा हिशेबही सांगते. चोवीसच्या जागी बारा बसवले तर दर पंगतीला बारा ताटं कमी, आणि पंगती वाढवायच्या तर वेळेची मर्यादा. भाडं अर्धं होत नाही. १९ किलोचा कमर्शियल सिलिंडर अर्धा येत नाही. डाळ शिजायला तेवढाच गॅस लागतो, मग ती बारा माणसांची असो की वीस. मोठ्या हॉटेलांना दर वाढवता येतात, आम्हाला येत नाहीत. ज्या मुलाचा बाप सोयाबीन विकून २,६०० पाठवतो त्याच्याकडे ३,२०० मागायचे कुठल्या तोंडाने? आईने त्या वर्षी पाटल्या गहाण ठेवल्या. हे तिने मला चार महिन्यांनी सांगितलं.

पण ऑक्टोबरच्या आधी सप्टेंबर आहे, आणि तो गाळून पुढे जाता येत नाही.

जुलैमध्ये पुण्यात १४ ते २३ अशी दहा दिवसांची कडक टाळेबंदी झाली. पहिले पाच दिवस दूध आणि औषधं, यापलीकडे जवळजवळ काही मिळत नव्हतं. त्याच सुमारास शहरातल्या पाच प्रभागांत लोकांचं रक्त तपासून एक पाहणी झाली, आणि ऑगस्टमध्ये निष्कर्ष आला की तिथल्या ५१.५ टक्के लोकांमध्ये या विषाणूविरुद्धची प्रतिपिंडं आहेत. त्यात नवी पेठ-पर्वतीचा भागही होता, म्हणजे आमच्या मेंबरांच्या खोल्यांचा. दर दोन माणसांत एकाला होऊन गेला होता. सप्टेंबर हा पहिल्या लाटेतला पुण्याचा सगळ्यात वाईट महिना. तोवर वीसेक मुलं गावाहून परत आली होती. गावात अभ्यास होत नाही, रेंज मिळत नाही, आणि घरात बसलेल्या मुलाकडे सगळे बघत राहतात. डबे खिडकीतूनच चालू होते.

नांदेडकडचा एक मुलगा होता, मितभाषी, ताक दोनदा घेणारा. एका मंगळवारी तो संध्याकाळी आला नाही. बुधवारी दुपारीही नाही. फोन लागेना. आईने दोन टिंबांच्या जागा मोकळ्या ठेवल्या. फुली मारली नाही, कारण तो का आला नाही हेच कळलं नव्हतं. मला म्हणाली, “जाऊन ये. ते बोटाला लावायचं यंत्र घेऊन जा.” त्याची खोली तिसऱ्या मजल्यावर, तीन कॉटची, दोन कॉट रिकाम्या. दार नुसतं लोटलेलं. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, उशाशी बिस्किटांचा उघडा पुडा, पाण्याची बाटली रिकामी. ऑक्सिजन ८८. मी दारातूनच बोलत होते आणि तो “काकूंना सांगू नका” असं म्हणत होता. रुग्णवाहिका यायला पाच तास लागले. तेवढा वेळ मी जिन्यात बसून दर अर्ध्या तासाने त्याला उठवून पाणी प्यायला लावलं. सोळा दिवसांनी तो परत खिडकीशी आला, बारीक होऊन. आईने त्याला पातळ भाजी जास्त वाढली आणि काही बोलली नाही.

या प्रसंगात मला मोठेपणा नको आहे; चालत सात मिनिटांचं अंतर होतं. मला एवढंच सांगायचं आहे की साथीच्या काळात सगळं सरकार रुग्ण शोधत होतं. घरोघर पाहणी, तापमापक, ॲप, फोन. आणि इथे रोज दोनदा, वर्षानुवर्षं, गैरहजर माणसांची वही लिहिली जात होती. नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ मिळून अशा किती वह्या असतील. एकाही अधिकाऱ्याने कुठल्या खानावळवाल्या बाईला विचारलं नाही की तुमच्याकडे आज कोण आलं नाही.

२०२१ उजाडलं तेव्हा आम्हाला वाटलं, गेलं. १२ जानेवारीला सीरमच्या कारखान्यातून लशीचे पहिले ट्रक निघाले, आईने ते टीव्हीवर पाहिले आणि हात जोडले. मेंबर साठपर्यंत आले. ११ मार्चला तीन दिवसांवर आलेली राज्यसेवेची पूर्वपरीक्षा पुढे ढकलली आणि शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. आमचेही पुष्कळ त्यात होते. त्या रात्री शेवटची पंगत साडेदहाला बसली. त्यांचा राग मला समजत होता आणि खोलीतली गर्दी बघून भीतीही वाटत होती. दोन्ही एकदमच.

३ एप्रिलपासून पुन्हा सगळं बंद. फक्त पार्सल, आणि संध्याकाळी सहा ते सकाळी सहा संचारबंदी. आई तेव्हा अडुसष्ट वर्षांची, लशीचा एकच डोस झालेला. खिडकीशी आता वीस-पंचवीस जण एकाच वेळी यायला लागले असते, तेही सहाच्या आत. मी म्हटलं, आता खिडकी नको. एक स्कूटरवाला मुलगा ठरवू, तो घरोघर डबे पोचवेल. आई नको म्हणत होती. मी हट्ट धरला. आजही मला वाटतं की तेव्हाची परिस्थिती पाहता माझं चुकलं नव्हतं.

आमच्या म्हाताऱ्या मेंबरांत एक काका होते. छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून आयुष्य काढलेले. आमच्या पाटीवरचे ऱ्हस्व-दीर्घ त्यांनीच सुधारून दिले होते. सतरा वर्षं ते आमच्याकडे जेवले. पहिल्या लाटेत रोज खिडकीशी यायचे, डब्याबरोबर आईला आदल्या दिवशीचा पेपर द्यायचे, त्यातल्या चुका पेन्सिलीने खुणा केलेल्या. आता स्कूटरवाला मुलगा त्यांच्या दाराच्या कडीला डबा अडकवायचा, फोटो काढून मला पाठवायचा, मी आईला सांगायची, आई टिंब द्यायची.

पाचव्या दिवशी डबे कमी पडायला लागले म्हणून मी चौकशी केली. तेव्हा कळलं की पहिल्या दिवशी रात्रीच काकांना श्वास लागला होता आणि शेजारच्यांनी त्यांना धावपळ करून हॉस्पिटलमध्ये नेलं होतं. त्या कुटुंबाने माणुसकीने सगळं केलं. बेड मिळवण्यासाठी रात्रभर फिरले. कडीला लागलेले डबे त्यांनी काढून घेतले, अन्न वाया जाऊ नये म्हणून खाली वॉचमनला दिले, आणि आम्हाला कळवायचं त्यांच्या डोक्यातही आलं नाही. त्यांना आमचा नंबरच माहीत नव्हता. मुलगा रोज रिकाम्या कडीला नवा डबा अडकवत होता. रामनवमीच्या आसपास काका गेले.

आम्हाला आधी कळलं असतं तरी काही वेगळं झालं नसतं. मी हे स्वतःला खूपदा सांगितलं आहे आणि ते खरंही आहे. पण वहीत काकांच्या नावापुढे आठ टिंबं आहेत, चार दिवसांची, दोन्ही वेळची. ते जेवले असं वही म्हणते. मी आईला म्हटलं, लाल करून टाक. ती म्हणाली, “राहू दे. मला ती दिसायला हवीत.”

त्याच एप्रिलमध्ये, १३ तारखेला, सरकारने निर्बंधांबरोबर ५,४७६ कोटींची मदत जाहीर केली. नोंदणी झालेले फेरीवाले, रिक्षावाले, बांधकाम मजूर, घरकामगार अशा यादीत प्रत्येकी दीड हजार रुपये. दीड हजारांची किंमत मी कमी लेखत नाही. ज्याच्या हातात आले त्याच्या घरी पंधरा दिवसांचं पीठ आलं. पण आमच्या पोळ्यांच्या मावशींचं नाव कुठल्याच यादीत बसलं नाही. त्या घरकामगार म्हणून नोंदलेल्या नाहीत, फेरीवाल्या नाहीत, आणि त्या राबतात ते ‘उपाहारगृह’ मदतीच्या यादीत कुठे नव्हतं. बंद करायच्या यादीत ते पहिल्या ओळीत होतं. शिवभोजन थाळी त्या महिन्यात मोफत केली, तेही पार्सलने. २०२० च्या प्रजासत्ताक दिनी दहा रुपयांना सुरू झालेली ती थाळी टाळेबंदीत पाच रुपयांना केली होती. हे सरकारने केलं म्हणून मला आदर आहे. पेठांतल्या रिकाम्या चुली त्या कामाला जोडता आल्या असत्या. भांडी होती, परवाने होते, कुणाला तिखट चालत नाही हे ठाऊक असलेल्या बायका होत्या. बंद ठेवलेल्या दुकानाचं भाडं आणि विजेचा स्थिर आकार सरकारने काही काळ उचलला असता तर आईला बंदी शिक्षेसारखी वाटली नसती. सगळ्यांच्या जिवासाठी कुणी आपली चूल विझवतं, तेव्हा त्या राखेचा खर्च सगळ्यांनी वाटून घ्यायला हवा. हे मी आजही कुणालाही तोंडावर सांगेन, बंदीच्या बाजूची असूनही.

जूनमध्ये निर्बंधांचे स्तर आले, आठवड्याला आकडे बघून बदलणारे. एकदा रात्री दहापर्यंत परवानगी, मग २८ जूनपासून पुन्हा दुपारी चारपर्यंतच बसून जेवण. दुपारी चार! रात्रीचं जेवण हेच ज्यांचं दिवसातलं एकमेव स्वस्थ बसणं असतं, त्यांना ते ऑगस्टपर्यंत पिशवीतून मिळालं. त्या दोन महिन्यांत मी एक काम करून घेतलं. सुतार बोलावला आणि बंद खिडकीच्या फळ्या काढल्या. शेजारच्या भिंतीत आणि आमच्यात दीड फुटाची फट निघाली, तिच्यातून वारा येतो. वर मोठा एक्झॉस्ट बसवला. आचारी महाराज परत आले तेव्हा खोलीत उभे राहून म्हणाले, “यहाँ इतनी हवा थी?”

सगळे निर्बंध उठले ते २०२२ च्या गुढीपाडव्याला, २ एप्रिलला. पाडव्याला बंद झालेलं पाडव्यालाच सुटलं. त्या दुपारी चोवीसच्या पंगती बसल्या आणि श्रीखंड संपलं. आईला आणि मला बोट लावून चाटण्यापुरतं उरलं.

डबे घरपोच पाठवणं मात्र आम्ही बंद केलेलं नाही. आता तीस-बत्तीस जणांना जातात, कर्वेनगर, कोथरूडपर्यंत. नोकरीवाल्यांना यायला वेळ नाही, आणि खरं सांगायचं तर त्या उत्पन्नावरच पाटल्या सुटल्या. पण आईने एक नियम घातला आहे आणि डबेवाल्या मुलांना तो पाठ आहे. डबा कडीला अडकवायचा नाही. हातात द्यायचा, रिकामा हातातून घ्यायचा. दार उघडलं नाही तर भरलेला डबा परत आणायचा आणि काकूंना सांगायचं. याने वेळ जातो, पेट्रोल जातं, मुलं कुरकुरतात. दोन मेंबरांनी या जाचाला कंटाळून डबा सोडलासुद्धा. आईने त्यांना थांबवलं नाही.

गेल्या आठवड्यात मी शाळेतून आले तेव्हा ती वही पुढ्यात घेऊन फोनवर बोलत होती. कर्वेनगरला राहणारी, कंपनीत रात्रपाळी करणारी एक मुलगी.

“काल रात्रीचा डबा परत आला, म्हणून फोन केला.”

पलीकडून काहीतरी झोपेतलं उत्तर आलं.

“बरं. आज दुपारी?... अगं, खाडा करायचा तर कर, माझं काही म्हणणं नाही. अंगात कणकण आहे का?”

थोडा वेळ आई नुसती ऐकत होती.

“कधीपासून?” तिने विचारलं, आणि लाल पेनचं टोपण लावून ते बाजूला ठेवलं. मग फोनवर हात धरून मला म्हणाली, “जरा वाटीभर तांदूळ धू. आणि मऊ होऊ दे.”